खोक्याला आधी विचारा

या, असे पुढे या. लग्नाच्या हॉलच्या दारात उभं राहून काय बोलताय? बसा इथे पंख्याखाली. आणि बसता बसता एक ऐकून घ्या, रागावू नका. ते पोर वरणभाताचा घास गालात धरून मोबाइलकडे बघतंय, गिळायचंसुद्धा विसरलंय, आणि तुम्ही म्हणता, "काय करणार, त्याशिवाय जेवतच नाही." अहो, न देऊन बघितलंत कधी? एकदा तरी? मला बोलायला काय जातं म्हणा! माझी मुलं वाढली तेव्हा घरात एकच फोन होता आणि तोही भिंतीला. पण आमच्या समोरच्या गावणकरांचा एक उन्हाळा मी डोळ्यांनी बघितलाय, तेव्हापासून या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालते. ऐका तर.

आम्ही कोपरला राहतो, डोंबिवली पश्चिमेला. माझं दार आणि गावणकरांचं दार समोरासमोर. त्यांच्या दाराशी चपलांच्या स्टँडवर एक मोदकपात्र आहे. तीन मजली, ॲल्युमिनियमचं, एका वेळी एकावन्न मोदक उकडणारं. त्यांच्या बायकोचं, शालिनीचं. ती गेल्याला आता चार वर्षं झाली. त्या मोदकपात्रात गावणकर मोबाइल ठेवतात. स्वतःचा तर ठेवतातच, पण घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा. जाळीवर फोन आडवा ठेवायचा, मग गावणकर वरून झाकण लावणार आणि गंभीर चेहऱ्याने म्हणणार, "उकडू द्या. तोवर आपण बोलू."

कुणाचीही सुटका नाही. गॅसचा नंबर बघायला आलेला माणूस म्हणाला, "काका, मला फोटो काढायचाय मीटरचा." गावणकर म्हणाले, "चित्र काढा," आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा नोटीस द्यायला आले. जिन्यात खोकी ठेवू नयेत, अशी नोटीस होती. त्यांचाही फोन गेला मोदकपात्रात. जरा वेळाने तो वाजायला लागला. ॲल्युमिनियमच्या भांड्यात फोन थरथरला की कसला आवाज येतो! अख्खा मजला बाहेर आला. गावणकर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "वाफ धरली वाटतं."

नोटिशीतली खोकी कुठली, ते सांगायचं राहिलं. गावणकर एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. कटिंगला. माणूस सुतार असला की लाकडाकडे बघतो, तसे हे खोक्याकडे बघतात. आता तुम्हाला माहीतच आहे, आजकाल मीठसुद्धा घरपोच येतं, आणि मिठाएवढंच खोकं येतं. आमच्या बिल्डिंगमधलं एकही खोकं कचऱ्यात जात नाही, सगळी गावणकरांकडे. ते आधी बोटाने टिचकी मारतात, मग हुंगतात, मग जाहीर करतात, "थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांचं. साबणाचं. पहिल्या मजल्यावरचं." सगळ्या बिल्डिंगने काय मागवलं हे त्यांना तोंडपाठ असतं, पण बोलणार नाहीत हो कुणाला. तेवढा सभ्यपणा आहे.

मुलं त्यांना बॉक्सआजोबा म्हणतात. सुट्टीत दुपारी आमच्या मजल्यावर मुलांची रांग लागते, कारण आया कामावर, आणि ज्या घरात आहेत त्यांनाही दोन तास डोळा लागला तर हवाच असतो. तिसऱ्या मजल्यावरची स्वरा त्यांची पुढारी. नऊ वर्षांची आहे, पण बोलते बँकेच्या मॅनेजरसारखी. तिच्यामागे तिचा भाऊ अर्णव, सात वर्षांचा, नाक वाहतं. मग बाकीची फौज.

पहिल्या दिवशी अर्णवने खोकं उचललं आणि विचारलं, "आजोबा, याचं काय बनवू?"

"मला काय विचारतोस? खोक्याला आधी विचार."

"खोकं बोलत नाही."

"तू ऐकत नाहीस. बस त्याच्यासमोर."

बिचारा वीस मिनिटं खोक्यासमोर बसला. मग एकदम उठून म्हणाला, "ते म्हणतंय, मला बस व्हायचंय." गावणकरांनी कटर उघडला, म्हणाले, "हात मागे!" आणि दोन मिनिटांत खिडक्या पाडल्या. तीच त्यांची शिस्त. काय करायचं ते सांगणार नाहीत. मुलं आली की आधी अर्धा तास काहीच नाही. मुलं लोळतात, एकमेकांना लाथा मारतात, "बोअर होतंय" म्हणून गळा काढतात. गावणकर पेपर वाचत म्हणतात, "आधी नीट कंटाळून घ्या. अर्धवट कंटाळलेल्या मुलाला खेळता येत नाही."

त्या बसचं पुढे काय झालं ऐका. सहा खोकी एकामागे एक लावली, कोपर ते शीळफाटा बस सुरू झाली. मला वाटलं, पोरं भर्रर्र करत हॉलभर पळतील. कसलं काय! बस शीळफाट्याला पोचली आणि ट्रॅफिकमध्ये अडकली. खेळ तेवढाच. तासभर पोरं खोक्यात अडकून बसली होती. एकजण हॉर्न वाजवतोय, एकजण चिक्की विकतोय, स्वरा खाली उतरून पुढच्या गाडीवाल्याशी भांडतेय, "ओ काका, लेन कशाला तोडता?" अर्णव आपल्या मुठीत बोलतोय, "हॅलो मम्मी, मी शीळफाट्यालाच आहे, तू जेवून घे." ते नोटीस द्यायला आलेले सेक्रेटरी याच बसमध्ये सापडले. तासाभराने घरी गेले ते डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी घालून. त्यांना कंडक्टर केलं होतं. नोटीस राहिली तिथेच, तिची तिकिटं फाडली होती.

सगळेच खेळ असे जमतात असं नाही हं. मसाल्याचे डबे घेऊन डोळे बांधून वास ओळखायचा खेळ काढला, तेव्हा अर्णवने मिरपूड इतक्या आत ओढली की संध्याकाळपर्यंत शिंकत होता. आणि कडधान्यं निवडायचा खेळ काढला तो माझ्या डाळींवर. मूग, मसूर, तूर, हरभरा, सगळं परातीत एकत्र केलं आणि निवडायच्या आधीच पोरांना खालून कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली. पुढचे दहा दिवस आमच्याकडे पंचमेळ आमटी. आमचे हे म्हणाले, "गावणकरांना म्हणावं, आता तांदळाकडे वळू नका."

डाळीचा जाब विचारायला मी गेले, तेव्हा मला ती वही दिसली. गावणकर चष्मा नाकावर घेऊन लिहीत होते. मी वाकून बघितलं. वाचू नये, पण वाचलं. "बस, शीळफाटा. पास. एक तास दहा मिनिटं. मध्ये दोघांना शू. मसाल्याचे वास. नापास. मिरे वगळून पुन्हा घेणे. डाळी. नापास. वहिनींची माफी मागणे."

"हे काय हो गावणकर?"

"ट्रायल रिपोर्ट," ते म्हणाले. "कारखान्यात माल पाठवायच्या आधी ट्रायल घ्यायचो आम्ही. वरून दाबून बघायचं, पाडून बघायचं."

"पोरांवर ट्रायल?"

"खरी ऑर्डर मे महिन्यात आहे, वहिनी. इरा येतेय. आठ दिवस."

इरा म्हणजे त्यांची नात. मुलगा नितीन ठाण्याला माजिवड्याला राहतो, कुठल्याशा उंच टॉवरमध्ये. गणपतीला येतो, दिवाळीला येतो, तासदीड तास बसतो, बुटांची लेस सोडतो न सोडतो तोच बांधायला घेतो. वाईट नाही हो, तसा गुणी मुलगा आहे. पण बापलेकांचं बोलणं म्हणजे, "तब्येत?" "बरी." "गाडी नीट चालव." "हो." एवढंच. इरा पाच वर्षांची, ती आजवर या घरात एकदाही राहिलेली नव्हती. त्या वर्षी तिचं पाळणाघर आठवडाभर बंद राहणार होतं, दोघांनाही रजा मिळेना, म्हणून सुनेने फोन केला होता.

"मला सवय नाही वहिनी मुलांची," गावणकर वही मिटत म्हणाले. "नितीन लहान होता तेव्हा माझी कायम दुसरी पाळी. मी उठायचो तेव्हा तो शाळेत, तो यायचा तेव्हा मी कारखान्यात. शालिनीनेच वाढवला. एकतीस वर्षं खोकी केली, पण एक खोकं कधी घरी आणलं नाही. गेटवर झडती असायची. तुकडासुद्धा बाहेर न्यायचा नाही."

"म्हणून आता ही वखार?" मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत.

एक खोकं मात्र कुणाला हात लावू देत नसत. ते माझ्याच फ्रिजचं. डबल डोअरचा फ्रिज घेतला, तर फ्रिज बघायला येण्याआधी गावणकर खोकं बघायला आले. हमालांना म्हणाले, "हळू, कोपरा मोडेल." हमालांना वाटलं, फ्रिजचा. ते माणसापेक्षा उंच खोकं त्यांनी गॅलरीत उभं केलं, वर चादर टाकली. सात महिने तिथेच. स्वराने किती वेळा मागितलं. "आजोबा, त्यात अख्खी शाळा होईल."

"ते बुक आहे."

"कोणासाठी?"

"ज्याची ऑर्डर सगळ्यात जुनी, त्याच्यासाठी."

आम्ही सगळ्यांनी धरलं, इरासाठी.

झालं, मे उजाडला. एका सोमवारी सकाळी नितीन इराला घेऊन आला. एक बॅग कपड्यांची आणि एक पिशवी चार्जर, टॅब, हेडफोन यांची. मी गावणकरांना पोहे द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोरच. नितीन म्हणाला, "बाबा, जेवताना हे लावा, झोपताना हे लावा. आणि हट्टाने काही करायला जाऊ नका. तुम्हाला सवय नाही मुलांची. नाही जमलं तर लगेच फोन करा, मी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन. परत प्रयत्न नको करायला."

बोलला ते काळजीनेच. पण मी गावणकरांकडे बघितलं, तर ते पोह्यातले शेंगदाणे बोटाने एका बाजूला करत होते. म्हणाले, "बरं." नितीन गेल्यावर टॅब आणि हेडफोन गेले मोदकपात्रात, आणि वही निघाली. आतापर्यंतचे पास झालेले खेळ, तासातासाने मांडलेले.

पहिला तास भिंतीवर हातांच्या सावल्या पाडायचा. इरा म्हणाली, "हे हलत नाही नीट." दुसरा तास बसचा. "मला गाडीत उलटी होते." वासाचा खेळ, मिरे वगळून. तिने नाक धरलं ते सोडलंच नाही. स्वरा, अर्णव मदतीला आले तर ती दाराकडे तोंड करून बसली.

"आजोबा, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

"वायफाय नाहीये बाळा."

तिने त्यांच्याकडे इतक्या दयेने बघितलं! "मग तुम्ही राहता कसे?"

दुपारी एक वाजता जेवण नाही, दोन वाजता रडणं. तेसुद्धा मोठ्याने नाही, मुसमुसून, ते जास्त लागतं. "मला घरी जायचंय." माझी बेल वाजली. गावणकर दारात उभे. एका हातात वही, दुसऱ्या हातात मोदकपात्रातून काढलेला स्वतःचा फोन.

"वहिनी, सगळा माल नापास."

"अहो, पहिलाच दिवस आहे."

"नितीन बरोबर बोलला. मला नाही जमत. आणि आज नेली की परत नाही यायची ती. कळतंय मला." फोन लावायला बोट उचललेलं, पण ते खाली येईना. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण उभा होता शाळेतून नापास होऊन आल्यासारखा.

मला राग आला. म्हटलं, "गावणकर, आमच्या पोरांना अर्धा अर्धा तास कंटाळू देता आणि स्वतःच्या नातीला सकाळपासून एक मिनिट सोडलं नाहीत! तिला नीट कंटाळू तरी द्या. आणि तुमच्या त्या फ्रिजच्या खोक्याला विचारलंत का एकदा तरी?"

तेवढ्यात त्यांच्या घरातून स्वराची किंकाळी. "आजोबाऽऽ! ती बुक असलेल्या खोक्यात गेली!"

आम्ही धावलो. वाटेत गावणकरांनी सवयीने फोन परत मोदकपात्रात टाकला आणि झाकण लावलं. ते लक्षात ठेवा. गॅलरीत चादर खाली पडलेली, खोकं आडवं झालेलं, आणि आत दोन छोटे पाय. बाहेर अर्णव आणि स्वरा, आता काय होणार म्हणून श्वास धरून. गावणकरांनी तोंड उघडलं, ओरडणारच होते. मग मिटलं.

आतून आवाज आला, "आजोबा."

"काय गं?"

"इथे कोणीच नाहीये. तुम्ही या."

गावणकर खाली बसले. गुडघा असा वाजला की अर्णव दचकला. मग हात टेकून, डोकं वाकवून, इंच इंच करत अख्खे गावणकर आत गेले. बाहेर फक्त पावलं दिसत होती. मग कुजबुज. मग हसू. तिचं की त्यांचं, कळेना. मी पोळीला तूपसाखर लावून गुंडाळी केली आणि उघड्या बाजूने आत सरकवली. ती गेली. दुसरी मागितली गेली. तीपण गेली. कार्टून नाही, काही नाही, अंधारात दोन पोळ्या! मी स्वरा-अर्णवला खुणेने माझ्याकडे आणलं आणि सरबत दिलं.

आता तो फोन. नितीनला ऑफिसात चैन पडेना, त्याने दुपारी फोन केला. मग पुन्हा केला. अकरा वेळा केला. हे आम्हाला मागून कळलं. मोदकपात्र थरथरत असेल बाहेर, पण माझ्याकडे मिक्सर चालू आणि हे दोघं खोक्यात. चार वाजता जिन्यात धाडधाड पावलं वाजली. माणकोलीच्या पुलावरून गाडी घेऊन नितीन आला होता. शर्ट भिजलेला, चेहरा पांढराफटक. मी दार उघडेपर्यंत तो बुटांसकट आत.

"बाबा! फोन का उचलत नाही? इरा कुठाय?"

हॉलमध्ये कोणी नाही. गॅलरीत खोकं, खोक्यातून बाहेर चार पाय. दोन मोठे, दोन छोटे. तो तसाच वाकला, आत बघायला खोक्याच्या तोंडावर लोंबणारं पुठ्ठ्याचं झाप वर केलं. आणि तसाच राहिला.

मी मागून पोचले. झापाच्या आतल्या बाजूला जाड काळ्या मार्करने लिहिलेलं होतं, कारखान्यात ऑर्डर लिहायचे तसं. वळणदार, रेघ मारून.

"पार्टीचे नाव: नितीन गावणकर, चौथी ब. माल: एक घर."

नितीन माझ्याकडे वळला. आवाज अगदी खाली आला होता. "मावशी, चौथीत मी मागितलेलं. मोठ्ठं खोकं, आत बसता येईल असं. आज आणतो, उद्या आणतो... मी विसरूनसुद्धा गेलेलो."

खोक्यातून गावणकर बोलले. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलू शकले असतील. "डिलिव्हरीला जरा उशीर झाला."

"बाबा, मी एकेचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणून तर डबल डोअरचं घेतलं."

इराने डोकं बाहेर काढलं. तोंडाला साखर लागलेली. "बाबा, बूट काढून ये. आणि फोन बाहेर. इथे असाच नियम आहे." तिला नियम कुणी सांगितला होता देव जाणे, बहुतेक स्वराने.

नितीनने बूट काढले. दोन्ही, लेस नीट सोडून. उठला, दाराशी गेला, मोदकपात्राचं झाकण उघडून आपला फोन बापाच्या फोनशेजारी जाळीवर ठेवला. आईच्या त्या झाकणावर त्याचा हात जरा वेळ राहिला. मग परत येऊन गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "सरका थोडं." मी आपली चहा टाकायला आले. आमच्या घरी आले आणि पदराने डोळे पुसत बसले, आमचे हे विचारतात, "कांदा चिरलास का?"

इरा आठ दिवस राहिली. शीळफाट्याच्या बसमध्ये तिला उलटी झाली नाही, कारण तिसऱ्या दिवशीपासून तीच ड्रायव्हर होती. टॅब परत जाताना उघडला तेव्हा चार्जिंग संपून पडला होता, कुणाच्या लक्षातही नव्हतं. नितीन आता रविवारी येतो, दर रविवारी नाही, पण येतो, आणि पाय पसरून बसतो. त्या सोमवारची वही मी बघितली, वाचू नये, पण वाचलं. सगळ्या खेळांपुढे नापास, नापास, आणि शेवटी एकच ओळ. "फ्रिजचे खोके. पास. ऑर्डर पूर्ण." खाली वेळ लिहिलेली नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गावणकर घड्याळ बघायला विसरले.

फ्रिजचं खोकं अजून गॅलरीत आहे, कोपरे मऊ झालेत, पण फाइव्ह प्लाय आहे, टिकेल. तर असं. आता त्या लेकराचा घास गिळून झाला असेल तर पुसा त्याचं तोंड. आणि येत्या रविवारी त्याला घेऊन कोपरला याच. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. येताना घरातलं एखादं रिकामं खोकं आणा, कसलंही चालेल, फक्त चेपू नका. मी पोळ्या जास्तीच्या करून ठेवते. लवकर या हं, सुट्टी संपायच्या आत, आणि पोचायला उशीर होणार असेल तर निघतानाच कळवा. आमच्याकडे आलात की मग तुमचा फोन उकडायलाच जाणार.